बत्तीस रंगांखालची शेगडी

ही गोष्ट माझ्याइतकी फक्कड सांगणारा माणूस साऱ्या मुलखात दुसरा नाही. पूर्वी एक होता, तो वारला. आणि त्याने सांगितली तेव्हा निम्मी गोष्ट मी झोपेत ऐकली. तेव्हा जिथं गोष्ट बरी वाटेल तिथं त्याला दुवा द्या, जिथं लंगडेल तिथं मला सांभाळून घ्या. आणि पुढे बसून आत्तापासूनच जांभया देणाऱ्यांनी मागं सरका.

तर डोंगर अजून पोरवयात होते आणि माणसं आजच्याइतकीच शहाणी होती, म्हणजे फारशी नव्हती, त्या काळी एका खिंडीच्या माथ्यावर एक गाव होतं. अलीकडे एक मुलूख, पलीकडे दुसरा. इकडून तिकडे जाणाऱ्याला या गावातूनच जावं लागे. थंडी कडाक्याची आणि धुकं असं दाट की सासूला सून दिसत नसे. त्यामुळं गावात भांडणं बेताची होती.

गावाचा मुख्य तो नाईक. एक नाईक गेला की त्याचा मुलगा, मुलगा नसला तर पुतण्या, आणि तोही नसला तर जो जास्त ओरडेल तो नाईक होई.

चावडीपुढे नाईकाची मानाची बैठक होती. गुडघ्याएवढी उंच, चौकोनी, फुगीर, एखादं रेडकू पाय पोटाशी घेऊन बसावं तशी. तिच्या चार कोपऱ्यांवर चार बोंडं वर आलेली. गाव त्यांना कळस म्हणे आणि सणासुदीला त्यांना झेंडूच्या माळा घाली. नवा नाईक गादीवर यायचा त्या दिवशी त्याने आपल्या आवडीच्या रंगाचा एक हात बैठकीला द्यायचा, रंग वाळला की वर बसायचं, आणि पुढे मरेपर्यंत उठायचं नाही, अशी रीत. ते कळस बसणाऱ्याच्या मांड्यांना टोचत. पण मानाचं टोचणं कोण बोलून दाखवतो? गावाच्या आठवणीत बत्तीस नाईक झाले, बैठकीवर रंगाचे बत्तीस हात चढले, आणि बत्तिसांपैकी एकानंही हूं का चूं केलं नाही.

तेहेतिसावा नाईक वयाने तरुण, अंगाने गोल आणि खाण्यापिण्यात दर्दी. त्याने रंग निवडला हरताळाचा पिवळाधमक. जवसाच्या तेलात घोटून आधी एक हात देऊन बघितला. सकाळी पाहतात तो रंगाला फोड आलेले. खरवडून पुन्हा दिला. पुन्हा पोपडे. तिसऱ्यांदा रंग चांगला वाळलेला दिसला म्हणून नाईक जरा टेकून उठले, तर बैठक होती तशी मळकी राहिली आणि नाईक मागून पिवळे झाले.

लोक तोंडावर काही बोलले नाहीत. धुक्यात मात्र बोलले. "बैठक रंग धरत नाही, म्हणजे नाईकाला धरत नाही." नाईकांचा एक चुलतभाऊ होता. त्यानं त्याच दिवशी घरात हिरवा रंग कालवायला घेतला.

नाईकांची भूक गेली. ज्या माणसाची भूक कधी गेली नव्हती त्याची भूक गेली. गादीच्या दिवसाला आठ दिवस उरले होते, आणि त्या दिवशी दोन्ही मुलखांचे पाहुणे येणार होते.

गावाच्या कडेला एक लोहारीण राही. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातली निम्मी माणसं उठून म्हणतील, ती आमची पणजी. बापामागं बापाचा भाता तिनेच चालवला होता. खिंडीखालच्या गावांत बाईच्या हातात घण बघून लोक आधी हसत, मग नवरा कुठाय म्हणून विचारत, आणि शेवटी काम दुसऱ्याला देत. या गावाला मात्र तिची सवय झाली होती. तिची भाकर या गावात होती, दुसरीकडे कुठं नव्हती.

नाईकांनी तिला बोलावलं. तिने बैठकीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं.

"नाईक, आत लाकूड नाही. दगडही नाही. बीड आहे, ओतीव लोखंड. खालून गंज फुगलाय."

"मग वरून जाड हात देऊ."

"अंगात गळू झालं तर वरून हळद फासून काय होतंय? सगळे रंग काढावे लागतील, पार लोखंडापर्यंत."

नाईकांनी इकडंतिकडं पाहिलं. "बत्तीस नाईकांचे रंग काढायचे?"

"नाहीतर तेहेतिसावा तुमच्या धोतराला लागतोच आहे."

नाईक चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काढ. पण असा रंग दे की माझ्या हयातीत उडणार नाही. उडाला, नाहीतर बैठकीला काही झालं, तर भाता उचलायचा आणि खिंड उतरायची."

"आणि टिकला तर?"

"तर राहा गावात."

"म्हणजे माझंच घर मला बक्षीस," लोहारीण म्हणाली, आणि बैठक गाडीवर चढवायला लागली. चौघांच्या हाताने ती हलेना, आठजण लागले. बत्तीस पिढ्यांचा मान म्हटल्यावर जड असणारच.

आता कान देऊन ऐका, कारण काम कसं करावं हे मला येत नसलं तरी बघायला मला फार आवडतं.

तिने घणाला हात लावला नाही. बीड म्हणजे मानी जावई. वाकत नाही, एकदम मोडतो. तिने चुना आणि पापडखार कालवून दाट लेप केला, बैठकीला चोपडला, वर ओलं गोणपाट गुंडाळलं आणि वाट बघत बसली. घाई करणाऱ्याने पोलादी तासणी घेतली असती. हिने बांबूची कामटी घेतली, म्हणजे लोखंडाला ओरखडा नको. गोणपाट काढलं की रंग सायीसारखा सुटे. एक थर निघाला की पुन्हा लेप, पुन्हा गोणपाट.

पहिल्या दिवशी गेरू निघाला, त्याखाली निळा, त्याखाली पोपटी. बातमी गावभर झाली आणि माणसं गोळा झाली.

"थांब, हा निळा माझ्या आजोबांचा," एकजण म्हणाला. "याच्याखाली जाऊ नकोस."

"तुझे आजोबा थांबले तर माझे पणजोबा आतच राहतील की," दुसरा म्हणाला.

"राहू देत. आजवर राहिलेच ना?"

तिसरी एक म्हातारी होती. तिच्या सासऱ्यांचा रंग गेरूचा होता आणि तो आधीच निघून खाली पडला होता. ती म्हणाली, "माझा सासरा तू पायाखाली घेतलास."

लोहारीण कुणाशी वाद घालत बसली नाही. तिने पळसाचे द्रोण लावले. ज्याच्या आजोबांचा रंग निघेल त्याच्या हातात तो द्रोणात घालून देई. "घ्या, नीट न्या, वाऱ्याला लागू देऊ नका." लोक आपापले आजोबा द्रोणात घेऊन घरी गेले. कुणी देव्हाऱ्यात ठेवले, कुणी फडताळात. तिसऱ्या दिवशी शेवटचा द्रोण गेला आणि लोहारणीचं अंगण रिकामं झालं. आपापला वाडवडील मिळाल्यावर त्याच्या खाली काय होतं याची कुणाला पडली होती? तुम्हीही गेला असतात. मी तर पहिला गेलो असतो.

म्हणून अगदी तळचा, बत्तिसावा थर निघाला तेव्हा बघायला ती एकटीच होती.

त्याखाली रंग नव्हता. काजळी होती. वर्षानुवर्षांच्या धुराची, लोखंडात मुरलेली काजळी. लोहारणीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग पहार लावली आणि बैठक उलटी केली.

उलटी कसली, बत्तीस पिढ्यांनी पहिल्यांदा सुलटी केली. ते चार कळस होते ना, माळा घालायचे, मांड्यांना टोचणारे? ते पाय होते. वरच्या बाजूला उघडं तोंड, तोंडावर जाळी, पोटात निखाऱ्यांचा खण, त्याखाली राखेचा खण आणि पुढं वाऱ्यासाठी छोटंसं दार. ती शेगडी होती. चांगली बैलगाडीच्या चाकाएवढी, एका वेळी वीस माणसांचं भाजता येईल अशी. राखेच्या खणातून दगडासारखी झालेली राख निघाली आणि तिच्यात नाचणीच्या भाकरीचा एक जळका तुकडा.

लोहारणीने शेगडीभोवती फेरी मारली. पुढच्या कडेला एका जागी लोखंड झिजून खोलगट झालं होतं, हाताच्या पंजाएवढं. लोखंडावर हात टेकून टेकून ते झिजवायचं तर किती माणसांनी, किती वर्षं तिथं बसून भाजलं असेल? तिला बनवणाऱ्याचं कौतुक वाटलं आणि भाजणाऱ्याचं त्याहून जास्त. तो कोण होता, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

शेगडीची दशा वाईट होती. एका कोपऱ्यातून तडा वर चढला होता. जाळीच्या दोन सळया गळून गेल्या होत्या. तिने आंबट ताक आणि राख घेऊन नारळाच्या शेंडीने गंज घासला, एक दिवस, दोन दिवस, बोटांची सालं निघेपर्यंत. तडा जिथं संपत होता तिथं गिरमिटाने बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढं सरकत नाही. माणसांच्या भांडणाला असं भोक पाडता येत नाही, नाहीतर मी ते कधीच शिकून घेतलं असतं. मग तड्यावर पट्टी बसवली. सळयांना लोखंड कमी पडलं तेव्हा तिने बापाची जुनी सांडशी भट्टीत घातली आणि तिच्या दोन सळया ओढल्या. नव्या सळया जुन्यांच्या शेजारी अशा बसल्या की कुठली कोणती, हे तिलाही पुन्हा सांगता येईना.

सहाव्या दिवशी नाईकांनी पिवळ्या रंगाने भरलेला गडवा पाठवला.

लोहारणीने गडवा पाहिला, शेगडी पाहिली. गंज गेला होता. शेगडी पुन्हा पालथी घातली असती, पिवळा हात दिला असता, तर रंग आता पक्का बसला असता. नाईक बसले असते, पाहुण्यांनी वाहवा केली असती, भाता जागेवर राहिला असता. आतलं गुपित एका बाईला ठाऊक, आणि ती कुणाशी फार बोलत नसे. किती सोपं होतं.

तिने विचार करायला म्हणून शेगडीत चार निखारे टाकले. हवेचं दार उघडलं, आणि इतक्या वर्षांनीही दार न कुरकुरता उघडलं. निखारे लाल झाले. तिने सकाळची गार भाकरी जाळीवर टाकली. भाकरी फुगली, कडेने करपली, आणि थंडीने आखडलेल्या त्या लोहारणीने ती उभ्या उभ्या खाल्ली.

खाऊन झाल्यावर तिने पिवळ्या गडव्यावर झाकण घातलं आणि जवसाचं तेल आणलं. गरम लोखंडावर तेलात बुडवलेला चिंधीचा बोळा हलकेच फिरवायचा, तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा फिरवायचा. असं तिने सात वेळा केलं. शेगडी अशी काळी झाली की तिच्यात डोंगराचं प्रतिबिंब दिसावं.

गादीचा दिवस उजाडला तो दाट धुक्यात. दोन्ही मुलखांचे पाहुणे काकडत खिंड चढून आले. मांडव घातला होता, ढोल होते, सनई होती. जेवण मात्र नाईक बसल्यावर आणि सगळे मानपान झाल्यावर, म्हणजे दुपार कलल्यावर. चावडीपुढे गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. चुलतभाऊ हिरव्या रंगाचं भांडं पंच्याखाली लपवून पहिल्या रांगेत बसला होता.

नवं धोतर सावरत नाईक आले. लोहारणीने गोणपाट ओढलं.

खाली निखाऱ्यांनी भरलेली शेगडी.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. नाईक बसायच्या बेतात अर्धे वाकले होते, ते तसेच थांबले. पोटऱ्यांना ऊब लागली तेव्हा सरळ झाले.

"हे काय आहे?"

"तुमची मानाची बैठक, नाईक. बत्तीस नाईक हिला पालथी घालून बसले होते. कळस म्हणतात ते हिचे पाय."

मांडवात कुणीतरी खोकल्यासारखं केलं. ते हसणं होतं.

नाईकांचा चेहरा तापला. "माझा रंग कुठाय?"

"लावलाय."

"हा तर काळा."

"तुम्ही न उडणारा मागितला होता. हा रोज वापरला तर चढतो, नुसता ठेवला तर उतरतो. तुमच्या हयातीत टिकवायचा का नाही, ते तुमच्या हातात."

चुलतभाऊ उभा राहिला. "बैठकच नाही, तर नाईक कसला?"

नाईक लोहारणीकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाता उचल." ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोललेलं माणूस परत घेत नाही.

लोहारणीने गोणपाटाची घडी केली आणि आपल्या घराकडे चालू लागली.

इतक्यात धुक्यातून एक म्हातारा पुढं आला. पलीकडच्या मुलखातला मिठाचा व्यापारी, बैल हाकत पहाटेपासून चढत आलेला. त्याला दूरचं दिसत नसे, जवळचं बेताचंच दिसे. ऊब लागली तसा तो शेगडीपाशी आला. पिशवीतून एक वांगं काढलं, जाळीवर ठेवलं, आणि जवळ उभ्या असलेल्या गोलमटोल माणसाच्या हातात चिमटा दिला.

"बाबा, हे जरा भाज. माझे हात थंडीनं लाकूड झालेत."

सगळा मांडव श्वास धरून बघत राहिला. नाईकांनी चिमट्याकडे पाहिलं. वांग्याकडे पाहिलं. वांग्याची एक बाजू करपायला आली होती. आता हा माणूस रागात असो, संकटात असो, वांगं करपताना बघणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने ते उलटलं.

"दारातून जास्त वारा जातोय," नाईक पुटपुटले, आणि खाली बसून त्यांनी दार अर्धं लोटलं. बसताना तोल सावरायला शेगडीच्या कडेवर हात टेकला, तो बरोबर त्या झिजलेल्या खोलगट जागी पडला. तिथं लोखंड हाताला सोसेल इतकंच ऊन होतं आणि हात असा बसला, जणू त्याच्याच मापानं ती जागा घडवली होती.

वांगं चारी बाजूंनी भाजून झालं. म्हाताऱ्याने फुंकर मारत खाल्लं. "हाताला गुण आहे तुझ्या. कोण तू?"

"नाईक," नाईक म्हणाले.

म्हातारा खायचा थांबला. "थट्टा करतोस? आमच्याकडे कुणी उपाशी निजला तर म्हणतात, आज नाईकाच्या हातचं जेवला. बापजाद्यांपासून म्हणत आलोय. का म्हणतो ते कुणाला ठाऊक नाही." त्याने डोळे बारीक करून शेगडी न्याहाळली, मग नाईकाचा काजळी लागलेला हात न्याहाळला. "एके काळी खरंच मिळत असणार, नाही का? खिंड चढून आल्यावर. आणि मग एक दिवस मिळेनासं झालं असणार."

नाईकांनी चिमटा खाली ठेवला. मग मान वर न करता म्हणाले, "त्या बाईला परत बोलवा. आणि कोठीतली वांगी आणा, पीठ आणा. मानपान नंतर."

त्या दिवशी मानपान झालेच नाहीत. पाहुणे मांडव सोडून शेगडीभोवती आले. अलीकडचे आणि पलीकडचे एकाच जाळीवर भाकरी शेकत होते. चुलतभावाला निखाऱ्यांना वारा घालायला बसवलं, कारण त्याच्या अंगात हवा भरपूर होती. हिरवा रंग त्याने पुढे गोठ्याच्या दाराला दिला. आणि तेहेतिसाव्या नाईकाला त्या दिवशी, आठ दिवसांनी, भूक लागली.

तेव्हापासून त्या गावात नव्या नाईकाने रंगाचा हात द्यायचा नाही, तेलाचा बोळा फिरवायचा, जमिनीवर बसायचं, आणि खिंड चढून जो पहिला येईल त्याला भाजून खायला घालायचं, अशी रीत पडली. लोहारणीचा भाता जागेवर राहिला. पलीकडच्या मुलखात आता पोटभर जेवलेला माणूस म्हणतो, नाईकाच्या हातचं जेवलो.

तात्पर्य लहानांनी पाठ करा आणि थोरांनी करून दाखवा: ज्या कामानं मान मिळाला ते काम केलं तर मान टिकतो, त्या कामावरच चढून बसलं तर खाली गंज चढतो.

त्या दिवशी शेवटचा पाहुणा जेवून खिंड उतरला तेव्हा नाईकांचे डोळे धुराने लाल झाले होते आणि नवं धोतर ओळखू येत नव्हतं. ते लोहारणीला म्हणाले, "बाई, मानात एवढा धूर असतो, हे एकाही नाईकानं कधी कुणाला सांगितलं नाही."

लोहारीण राख उपसत होती. म्हणाली, "सांगतील कसे? ते त्याच्यावर बसले होते."